नावाडिणीच्या हसण्याची बखर

श्री. अंधारात बसलेल्यांस उजेड दाखविणारी जी देवता तीस प्रथम नमन, तिच्या पांढऱ्या पडद्यास नमन, आणि पडद्यापुढे पाय दुमडून, लेकरू मांडीवर घेऊन, डोळे मोठे करून बसते जी रयत तीस तर दोन वेळा नमन. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव पुसो नये. नदी मोठी, माणसे बोलकी, आणि चित्रपटाचे वेड ऐसे की सकाळी चूल पेटली न पेटली तो शेजारणीने शेजारणीस पुसावे, "काय गं, आज काय लागलंय?" राज्याचे धनी सुभानराव, स्वभावे मोकळे, रागावले तरी जेवू घालून रागावणारे. त्यांचे पदरी कॅमेरे होते, दिव्यांच्या गाड्या होत्या, नट होते, नटी होत्या, आणि कातरखाना होता, जेथे चित्रपटाचे तुकडे कापोन जोडीत. दर शुक्रवारी लढाई होत असे. शुक्रवारी नवा चित्रपट अंधारमहाली चढे आणि रविवार मावळेतो राहिला की गेला हे ठरे. परंतु जाणते म्हणत, लढाई शुक्रवारी दिसते, होते ती आधीच, आणि ती होते झलकेने. झलक म्हणजे रयत जीस ट्रेलर म्हणते ती. लेकरू जेवीत नाही तेव्हा आई घास दुरून दाखविते, हा बघ काऊचा, हा बघ आला आला, आणि लेकरू तोंड उघडिते. तैसे सगळ्या राज्याने तोंड उघडावे म्हणोन ही झलक.

झलकेचे खाते निंबाजी नाईक यांजकडे. त्यांस झलकनवीस म्हणत. मिशी जाड, आवाज त्याहून जाड, आणि बोलताना मध्येच थांबून पुढच्याकडे रोखून पाहण्याची सवय, कारण झलकेत तैसेच करावे लागते. त्यांचे शास्त्र ठरलेले होते. प्रथम अंधार करावा, मग कोणी खोल आवाजाने दोन शब्द बोलावे, मग गाव सुखात आहे ऐसे दाखवावे, मग एक धाडकन् ढोल आणि पुन्हा अंधार, मग गाव सुखात नाही ऐसे दाखवावे, मग ढोल, मग डोळे, मग ढोल, मग धावणारे पाय, आणि ढोलांचा वेग वाढवीत वाढवीत न्यावा, आणि रयतेचा श्वास कोंडला की एकदम सारे बंद करावे. त्या शांततेत एकच वाक्य, मग चित्रपटाचे नाव, मग शुक्रवारची तारीख. आणि लोक संपले म्हणोन पाठ फिरवितात तो शेवटास एक लहानसा गमतीचा तुकडा टाकावा, म्हणजे हसत घरी जातात आणि घरच्यांस सांगतात. सर्व मिळोन विडा चघळून होईतो संपावे. याखेरीज झलकेची झलक काढीत, तीस टीझर म्हणत, आणि झलकेची झलक अमुक दिवशी येणार याचीही दवंडी पिटीत, आणि रयत त्या दवंडीचीही वाट पाही. ऐसे ते वेडे, गोड राज्य.

त्या राज्यात द्वारकाबाई म्हणोन दिग्दर्शिका होत्या. वयाने लहान, बोलणे थोडे, आणि मनात आले ते होईतो जेवण गोड न लागणाऱ्या. त्यांचा हा पहिलाच चित्रपट, नाव 'नावाडीण'. कथा ऐसी की नदीवर होडी चालविणारा एक नावाडी पुरात जातो, आणि दुसरे दिवशी त्याची बायको तान्हे पोर पाठीस बांधोन तेच वल्हे हाती घेते आणि गावास पैलतीरी नेऊ लागते. बस, इतकेच. पूर दाखविला नाही, नावाडीही दाखविला नाही. चित्रपट सुरू होतो तो त्या दुसऱ्या पहाटेपासून. तलवार नाही, हत्ती नाही, नाच नाही. आणि ती नावाडीण आरंभापासून शेवटापर्यंत एकदाही हसत नाही. द्वारकाबाईंनी हे पहिल्या दिवसापासून ठरविले होते. नावाडीण जाहली होती कमळजा नावाची नटी. ती मात्र स्वभावे हसरी, इतकी की काम सुरू होण्यापूर्वी तीस भिंतीकडे तोंड करून उभे करावे लागे.

आता हसण्याची हकीकत. नदीच्या मध्यधारेत काम चालले होते, कॅमेरा दुसऱ्या होडीत होता, आणि पाठीवरल्या लेकराने कमळजेच्या पाठीवर ऊन ऊन धार सोडिली. कमळजा दचकली, मग मान मागे टाकून ऐसी खळखळून हसली की वल्हे हातातून निसटून वाहत चालले, आणि ती एका हाताने वल्हे धरू पाहते, दुसऱ्या हाताने पाठीवरल्या पोरास थोपटते, आणि हसते आहे, हसते आहे, आणि पोरही हसते आहे. द्वारकाबाई ओरडल्या, "अगं, काय झालं तुला?" कमळजा म्हणे, "बाई, पाठीवर गरम गरम ओघळ! हसू नको तर काय रडू?" सर्व होड्या हसून हसून डोलू लागल्या. मग ते काम पुन्हा केले, पोरास सुके नेसविले, आणि हसण्याचा तुकडा कातरखान्याच्या टोपलीत पडला. द्वारकाबाईंनी तो चित्रपटात घेतला नाही, आणि विसरल्या.

परंतु झलकेची रीत ऐसी की चित्रपट पुरा होण्याआधीच ती करावी लागते. चित्रपट अजून कातरखान्यात उलटापालटा होत असतो आणि झलकनवीस टोपलीतून हाताला लागेल ते उचलून आपले काम उरकून घेतो. झलकेत आहे ते चित्रपटात असेलच ऐसा कोणी कोणास शब्द दिलेला नसतो, आणि रयतेस हे ठाऊक नसते. निंबाजी नाईक टोपलीपाशी बसले आणि कपाळास हात लाविला. ढोल वाजवावा तर कशावर? धावणारे पाय नाहीत, रागाचे डोळे नाहीत, पाण्यावर एक होडी येते आणि जाते. त्याच शुक्रवारी शेजारील राज्याच्या धन्याचा युद्धपट येत होता, त्यात हत्तींची रांग दिगंतापर्यंत, आणि त्याच्या झलकेने पोरे आधीच झाडावरून उड्या मारू लागली होती. नाईक उदास होऊन एक एक तुकडा पाहत गेले, आणि ते हसू सापडले. नाईक उभे राहिले. पुन्हा पाहिले. मग आपल्या सर्व शास्त्रास बाजूस सारून त्यांणी ढोल एकही वाजविला नाही. नदी दाखविली, धुके दाखविले, वल्ह्याचा आवाज ठेविला, नाव लिहिले, तारीख लिहिली, आणि शेवटास, जेथे गमतीचा तुकडा टाकायचा, तेथे ते हसू टाकिले. द्वारकाबाई ते समयी आवाज बसविण्याच्या कामात गुंतल्या होत्या. त्यांस पुसले तेव्हा त्यांणी न पाहताच हात हलविला की जाऊ द्या. चूक म्हणावी तर ही.

झलक निघाली आणि राज्यात जे जाहले ते पुसो नका! पहिले दिवशी दोघी जावा मोबाईल पाहोन हसल्या, दुसरे दिवशी आळी हसली, आणि मग मंडईत भाजीवाल्या एकमेकींकडे मान मागे टाकून हसू लागल्या, मुली शाळेच्या वाटेवर पाठीस दप्तर बांधोन वल्हे निसटल्याचे सोंग करू लागल्या, रुसलेल्या नवऱ्यास बायका ते हसू दाखवीत आणि रुसवा जाई. कोणी म्हणे ती माहेरास चालली म्हणोन हसते, कोणी म्हणे मासा होडीत उडाला. सासवा म्हणाल्या, आम्हांसही न्या. अंधारमहालांच्या खिडक्या उघडल्या तो तिकिटे सरली. धनीसाहेबांनी दरबारी पेढ्यांची ताटे फिरविली आणि निंबाजी नाईकांस मिठी मारली. तोच द्वारकाबाई मंडईतून जात असता त्यांस दप्तरवाल्या मुली दिसल्या. आधी कौतुक वाटले, आपल्या चित्रपटाचे सोंग करितात. मग त्या जागीच थबकल्या, कारण मुली ज्याची नक्कल करीत होत्या ते हसू चित्रपटात कोठेही नव्हते.

तैशाच त्या दरबारी गेल्या. "साहेब, ते हसू आत नाही."

धनीसाहेबांच्या हाती पेढा होता. "कशात नाही?"

"चित्रपटात. ती बाई हसतच नाही. अख्खं राज्य जे बघायला येतंय ते आत नाहीच."

धनीसाहेब मोठ्याने हसले. "मग घाला की, बाई! एवढीशी चिमूट ती. तपासणी दरबाराचा, त्या सेन्सॉरचा, शिक्का पुन्हा आणवतो, त्याची काळजी मला."

द्वारकाबाई म्हणाल्या, "चिमूट म्हणता, साहेब, पण मिठाची चिमूट दुधात पडली तर?"

तरी आज्ञा जाहली म्हणोन कातरखान्याची दारे लावून द्वारकाबाई, निंबाजी नाईक आणि कमळजा बसली. नावाडीण बाजारकरूंस पैलतीरी नेते त्या फेरीत हसू घातले, तो नावाडीण नवऱ्यास विसरली ऐसे दिसे. शेवटास घातले, तो सर्व ठीक जाहले, चला घरी, ऐसे दिसे. नाईक म्हणाले, "सोपं आहे. धुकं सोडू, मंद वाजवू काहीतरी, आणि आठवण म्हणून टाकू."

"माझ्या चित्रपटात आठवण नाही, नाईक. तिला मागे वळून बघायला उसंत कुठे आहे? पाठीवर पोर, पुढे माणसं."

"मग स्वप्न?"

"दिवसभर वल्हवून झोपलेल्या बाईला स्वप्न पडतं होय?"

कमळजा बाकावर बसून ते सर्व पाहत होती. ती म्हणाली, "बाई, मला विचाराल तर ते हसू माझं आहे, तिचं नाही. मी घरी जाऊन आंघोळ केली. ती ओल्या पाठीनं तशीच वल्हवत राहणार, ती कुठे जाईल?" आणि हे ऐकून द्वारकाबाईंनी हसण्याचा तुकडा काढून बाजूस ठेविला आणि उठल्या. दरबारी जाऊन म्हणाल्या, "घालणार नाही. घालायचंच असेल तर माझं नाव काढा." धनीसाहेब तापले. म्हणाले, "शुक्रवारी रयत खुर्च्या उपटील, मग आमच्या राज्यात कॅमेऱ्यास हात लावायला मिळणार नाही तुम्हांस, आधी सांगून ठेवतो. जेवून जा." द्वारकाबाई म्हणाल्या, "शुक्रवारी पहिल्या खेळास पडद्यापुढे मी स्वतः उभी राहीन आणि सांगेन की हसू आत नाही. ज्याला परत जायचं त्याला जाऊ द्यावं." धनीसाहेबांनी कपाळ बडविले. "अहो, दुकानदार कधी दारात उभा राहून म्हणतो का, की आत माल नाही?" परंतु बाईंचा चेहरा पाहोन त्यांणी पेढ्यांचे ताट आत नेवविले.

शुक्रवार उजाडला. काय तो थाट वर्णावा! अंधारमहालावर कमळजेचे हसरे चित्र तीन मजली टांगलेले, त्यास झेंडूची माळ, खाली ताशा, आणि रांग चौकास वळसा घालून हौदापर्यंत. लुगड्याच्या आयांनी पोरे कडेवर, जीन्सच्या आयांनी पोरे पोटाशी बांधलेली, म्हाताऱ्यांनी चष्मे पुसून घेतलेले, आणि जो तो मान मागे टाकून हसण्याची तालीम करतो आहे. महाल भरला, दिवे मंद जाहले, शिट्ट्या जाहल्या, आणि पडदा उजळण्याऐवजी त्यापुढे एक लहानशी बाई तिवईवर चढोन उभी राहिली. द्वारकाबाईच त्या. त्या म्हणाल्या, "मंडळी, चित्रपट मीच केला आहे. झलकेत जे हसू आहे ते यात नाही. ती चूक आमची. हसू बघायला आलेल्यांनी खुशाल परत जावं, मला राग नाही."

मग मागून कोणी ओरडले, "मग आम्ही काय करायचं, तुमच्याकडे बघायचं?" दुसरा म्हणे, "हसू नाही तर नाही, हत्ती तरी आहे का?" द्वारकाबाई म्हणाल्या, "हत्ती शेजारच्या महाली आहेत." त्यावर महाल हसला, आणि पुढल्या रांगांतील तरुण मंडळी खरोखरीच उठली आणि हत्तींकडे चालती जाहली. काही कुटुंबे उठली, काही अर्धी उठून पुन्हा बसली. कोणी तिवईच्या दिशेने शेंगांची पुडी भिरकाविली. तेव्हा मधल्या रांगेतून तांबट आळीची सुंदरा नावाची बाई बोलली. तिच्या खांद्यावर तान्हे निजले होते. ती बोलली हळू, पण साऱ्यांस ऐकू गेले: "माझं पोर आत्ता कुठे झोपलंय. मी काही उठत नाही. लावा तुमचं काय ते, आणि तुम्ही गलका करू नका रे."

आणि गलका थांबला, आणि द्वारकाबाई तिवईवरून उतरून भिंतीस पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि पडदा उजळला. पहाट. ओले वल्हे. आणि मग कमळजेचा चेहरा, पाठीवर पोर, ओठ मिटलेले. तो चेहरा पडद्यावर आला मात्र, आणि महालातून एकच श्वास निघाला. आठवडाभर जिला पाहोन सगळे राज्य हसले होते, मंडईत हसले, शाळेच्या वाटेवर हसले, तीच ही. आणि ही हसत नाही. एक म्हातारी मोठ्याने बोलली, "अगं बाई, हे काय झालं हिला?" कोणी तीस गप्प केले नाही, कारण जो तो मनात तेच पुसत होता. मग होडीत बसणारी गावकरी मंडळी त्या नावाडिणीशी काहीबाही बोलू लागली, पावसापाण्याचे, माशांचे, आणि जे बोलायचे ते कोणी बोलेना, तेव्हा रांगेतील एक बाप्या न राहवून पडद्यावरल्या गावकऱ्यास म्हणे, "गप बस की रे, दिसत नाही का?" पाठीवरल्या पोराने एकदा हात हलविला तो सारा महाल पुढे झुकला की आता हसेल. हसली नाही. तिने पोराचा हात धरून आपल्या गळ्याशी ओढून घेतला आणि वल्हे मारिले. मधल्या रांगेत पदर डोळ्यांस लागले. द्वारकाबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या, माणसांकडे पाहत होत्या, आणि आपण केले ते काय आणि हे घडते आहे ते काय, याचा मेळ त्यांस लागत नव्हता.

खेळ सुटला. लोक बाहेर आले. द्वारकाबाई दाराशी मान खाली घालून उभ्या होत्या, तो सुंदरा पोर खांद्यावर घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हांला खोटं सांगितलंत."

"मी? काय खोटं?"

"हसू आत नाही म्हणालात. आहे की. तिचा घरवाला होता ना, तेव्हा गमतीनं त्याचं वल्हं घेतलं असेल तिनं, तेव्हाचं आहे ते. आठवडाभर आम्ही ते बघत होतो, रोज दहा-दहादा. ती आमच्या ओळखीची झाली होती. आणि मग आत आलो तर ती अशी. मला तर वाटलं उठावं, तिच्या पाठीवरलं पोर जरा घ्यावं, म्हणावं, टेक गं घटकाभर." आणि एवढे बोलून सुंदरा आपल्याच पोराची पाठ थोपटू लागली.

खांबाआड निंबाजी नाईक उभे होते, ते मिशी पुसत पुढे आले. म्हणाले, "मी तर पहिल्यापासून हेच सांगत होतो."

"काय सांगत होतात, नाईक?"

नाईकांनी सवयीप्रमाणे मध्येच थांबून रोखून पाहिले, परंतु वाक्य काही सुचले नाही. म्हणाले, "ते आता नेमकं आठवत नाही. पण घाला म्हणालो होतो, ते विसरा."

इतक्यात दुसऱ्या खेळाची रांग दारास भिडली आणि द्वारकाबाई पुन्हा तिवई आणून तीवर चढू लागल्या, की यांसही खरे सांगणे भाग आहे. तो पहिल्या खेळाच्या मंडळींनी तिवईस गराडा घातला. "उतरा बाई खाली! काही सांगू नका." म्हातारी म्हणे, "त्यांचं त्यांना बघू दे की." आणि सुंदरा रांगेकडे वळून गरजली, पोर झोपलेले आहे हेही विसरली: "काय हो, झलक बघितली का सगळ्यांनी?" सर्वांनी माना डोलाविल्या. एक उंच गृहस्थ मात्र ताठ मानेने म्हणाले, "मी झलक बघत नसतो. त्यात सगळं दाखवून टाकतात, मग गंमत राहत नाही. मी सरळ आत जातो." त्यावर जी धांदल उडाली! "अहो, असे कोरडे कुठे चाललात? धरा, धरा त्यांना!" आणि पाच-सहा मोबाईल एकदम त्यांचे नाकाशी आले, आणि ज्यांणी झलक पाहिली होती तेही पुन्हा वाकले, आणि एक मोबाईल रांगेतून मागे मागे चालला, या हातातून त्या हातात, हौदापर्यंत, आणि जेथे जेथे तो पोहोचे तेथे तेथे खळखळ ते हसू ऐकू येई. उंच गृहस्थांनी पाहिले, आधी ओठ दाबले, मग तेही हसले. मग विचारते जाहले, "कशाला हसतेय ती एवढी?" सुंदरा म्हणाली, "ते नका विचारू. आत जा आता." दार उघडले आणि सारी रांग हसत हसत अंधारात शिरली. द्वारकाबाई त्या तिवईवरच बसून राहिल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांस भूक लागली.

शुक्रवारची लढाई शेजारील धन्याने जिंकिली, हे लिहिणे भाग आहे, हत्ती खरोखरीच मोठे होते. परंतु हत्ती दुसऱ्या शुक्रवारी परतले आणि नावाडीण आंबे पिकेतो महालात राहिली. धनीसाहेबांनी कॅमेरा काढून घेतला नाही. सर्वांस सांगत की ही युक्ती मूळची आपली. ढोल वाजविणे नाईकांनी सोडिले नाही, मात्र टोपलीतून काही उचलण्यापूर्वी बाईंस हाक मारू लागले, आणि बाई हातचे काम टाकून येऊ लागल्या. सारांश, झलक लोकांस बोलावण्यासाठी करितात हे खरेच, परंतु बोलाविलेला माणूस कोणाचा तरी ओळखीचा होऊन आत आला तर कथेचे निम्मे काम दाराबाहेरच होते, ऐसे त्या राज्यात तेव्हापासून मानितात. हकीकत इतकीच. वाचणारांस मधल्या रांगेत जागा मिळो, पुढे बसणाराचे डोके लहान असो, आणि मांडीवरचे लेकरू खेळ सुटेतो निजो.